जुनं म्हणजे मुरलेलं नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर तुम्ही वाइनच्या लिलावाची बातमी छापलीत, फ्रान्समधल्या बोर्डोच्या शातो ला तूर या इस्टेटची १९६१ सालची रेड वाइन, आणि वर मथळा दिलात 'जुनं ते सोनं'. बातमी छोटी, आकडा मोठा आणि सोबत लेबलचा क्लोजअप. मी ती वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि थोड्या वेळाने परत उघडला, कारण राहवत नव्हतं. मी सतरा वर्षं बोर्डो शहरात एका रेस्टॉरंटमधे सोमेलिए म्हणून काम केलंय, म्हणजे गिऱ्हाइकाला वाइन निवडून देणं, उघडणं, ओतणं आणि खाली तळघरातल्या बाटल्या सांभाळणं हे माझं काम होतं. त्या काळात बोर्डोजवळच्या मेदॉक भागातल्या बऱ्याच जुन्या बाटल्या माझ्या हाताने उघडल्या गेल्या, त्यातल्या काहींनी अंगावर काटा आणला आणि काही सरळ ओतून द्याव्या लागल्या. त्या ओतून दिलेल्यासुद्धा जुन्याच होत्या हो. म्हणून हे पत्र.

आपल्या भाषेत यासाठी किती नेमके शब्द आहेत बघा. कोवळी, मुरलेली, उतरलेली, विटलेली. वाइनच्या आयुष्यातल्या चारही अवस्था यात आल्या आणि तुम्ही त्यातला एकही न घेता फक्त 'जुनी' म्हणालात. जुनं व्हायला काही करावं लागत नाही, नुसतं पडून राहिलं की झालं, मुरणं मात्र सगळ्यांना जमत नाही. जगात बनणारी बहुतेक वाइन बाजारात आल्यापासून दोन-चार वर्षांत प्यायची असते, ती दहा वर्षं ठेवली तर चांगली होत नाही, नुसती मरते. जी थोडीशी वाइन वीस, तीस, पन्नास वर्षं मुरू शकते तिच्यात ला तूर फार वर आहे, पण का आहे ते बातमीत कुठेच नव्हतं, नुसते वर्ष आणि किंमत.

आधी एक छोटी दुरुस्ती करते, बातमीत शातोचा अर्थ किल्ला असा दिलाय. बोर्डोमधे शातो म्हणजे द्राक्षमळा आणि त्याची वाइन बनवणारी वाडी, मग तिथे मोठा वाडा असो वा साधं घर असो. ला तूर म्हणजे बुरूज, आणि तो बुरूज खरोखर होता, इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धाच्या काळात जिराँदच्या खाडीवर नजर ठेवायला उभा केलेला, पण तो कधीच गेला. आज मळ्यात जो गोल दगडी बुरूज दिसतो आणि बहुतेक लोक ज्याचा फोटो काढतात तो सतराव्या शतकातला कबुतरखाना आहे.

आता जागेबद्दल. बोर्डो शहरातून उत्तरेला गेलं की डाव्या हाताला मेदॉकचा पट्टा सुरू होतो आणि उजव्या हाताला जिराँदची खाडी, रुंद, गढूळ, संथ. पोयाक गावाच्या दक्षिणेला, अगदी वेशीवर, ला तूरचा मळा लागतो. एक छोटा ओढा ओलांडला की सँ-ज्युलियाँची हद्द लागते आणि तिथे लेओव्हिल लास काझचा मळा. ला तूरच्या मळ्याचा जो गाभा आहे त्याला लान्क्लो म्हणतात, म्हणजे कुंपणाच्या आतला, सत्तेचाळीस हेक्टर, आणि ला तूर नावाने जी मुख्य वाइन येते ती इथल्याच द्राक्षांची. बाहेरच्या तुकड्यांची आणि कोवळ्या वेलींची द्राक्षं दुसऱ्या वाइनला जातात, तिचं नाव ले फोर द ला तूर, ती १९६६ च्या हंगामापासून सुरू झाली.

मी पहिल्यांदा लान्क्लोच्या कडेने चालले तेव्हा मला माती दिसलीच नाही, नुसते गोटे. अंड्याएवढे, मुठीएवढे, पांढरट, पिवळसर. नदीने लाखो वर्षांपूर्वी आणून टाकलेली ही खडी, तिचा थर जाड आणि खाली चिकणमाती. पाऊस पडला की पाणी खडीतून झिरपून जातं, वेलीला वरच्यावर काही मिळत नाही, तिला मुळं खोल घालावी लागतात, आणि उन्हाळा कोरडा गेला तर खालच्या चिकणमातीतला ओलावा तिला तारतो. गोटे दिवसा तापतात आणि रात्री ऊब सोडतात. शिवाय नदी इतकी जवळ की हवा एकदम गार पडत नाही, कडाक्याच्या रात्री आतल्या बाजूच्या मळ्यांना गोठलेल्या दवाचा फटका बसतो तेव्हा पाण्याजवळचे बरेचदा वाचतात. मेदॉकची जुनी माणसं म्हणतात की चांगल्या वेलीला नदी दिसली पाहिजे. मी हे आधी कवितेसारखं ऐकलं होतं, तिथे उभी राहिल्यावर कळलं की हा सरळ शेतीचा नियम आहे.

या खडीत काबेर्ने सोव्हिन्यों या जातीचं द्राक्ष खूप चांगलं येतं आणि ला तूरमधे त्याचाच वाटा सगळ्यात मोठा, बाकी बहुतेक मर्लो ही दुसरी जात. काबेर्नेचं फळ लहान, साल जाड, बिया मोठ्या, म्हणजे रसाच्या मानाने साल आणि बी जास्त. रंग आणि टॅनिन सालीत आणि बियांत असतात. टॅनिन म्हणजे काय ते ज्याने कडक काळा चहा प्यायलाय त्याला सांगायला नको, जीभ आणि हिरड्या कोरड्या करतं तेच. कोवळी ला तूर प्यायलात तर तोंड अक्षरशः बंद होतं. मी पाच वर्षांची ला तूर प्यायले आहे आणि मला ती आवडली नाही हे स्वच्छ सांगते, भिंत चाटल्यासारखं वाटलं. पण याच भिंतीच्या आत पुढची पन्नास वर्षं असतात.

बाटलीत काय होतं ते थोडं सांगते कारण सगळा मुद्दा त्याच्यावर आहे. टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगाच्या रेणूंना जोडले जातात, हळूहळू मोठे होत जातात, इतके मोठे की वाइनमधे तरंगत राहू शकत नाहीत आणि गाळ होऊन खाली बसतात. म्हणून जुन्या रेड वाइनच्या बाटलीत तळाला काळसर साका दिसतो, ती खराबी नाही, तो वाइनने टाकलेला कडकपणा आहे. रंग जांभळ्याचा लाल, लालाचा विटकरी होत जातो, आधी ग्लासच्या कडेला आणि मग आत. फळांचा ताजा वास मागे जातो आणि दुसरेच वास येतात, देवदाराच्या लाकडाचा, सिगारच्या पेटीचा, पेन्सिलच्या शिशाचा, ओल्या पानांचा, चामड्याचा. आणि हे सगळं अतिशय मंद व्हायला हवं, बूचातून जी कणभर हवा आत येते तेवढ्याच वेगाने. वेग वाढला, म्हणजे उष्णता मिळाली किंवा बूच सुकलं, की हीच क्रिया मुरण्याऐवजी कुजण्याकडे जाते. वर्षं तेवढीच, वाइन तीच, आणि शेवट उलटा.

हे मला पुस्तकातून माहीत होतं पण पटलं एका रात्रीत. पोयाकमधल्या एका वयस्क गृहस्थांकडे आम्ही जेवायला गेलो होतो, त्यांचं सगळं आयुष्य वाइनच्या तळघरांत गेलेलं, ला तूरमधे नव्हे, दुसरीकडे, पण त्या भागात सगळेच एकमेकांना ओळखतात. टेबलवर दोन बाटल्या उभ्या होत्या, दोन्ही ला तूर, दोन्ही १९७० च्या. एक त्यांची स्वतःची, तरुणपणी बाजारात आली तेव्हाच घेतलेली आणि तेव्हापासून घराखालच्या तळघरात एकाच फळीवर आडवी पडलेली. दुसरी त्यांच्या मुलाने बाबांच्या वाढदिवसाला म्हणून एका व्यापाऱ्याकडून घेतलेली, भरपूर युरो मोजून. मुलाची बाटली दिसायला देखणी, लेबल कोरं, एक डाग नाही. बाबांची बाटली बघवत नव्हती, लेबल बुरशीने काळं पडलेलं, एक कोपरा सुटलेला.

१९७० बद्दल दोन शब्द, कारण ते साल मला फार आवडतं. त्या वर्षी बोर्डोमधे सगळ्या जातींची द्राक्षं एकाच वेळी चांगली पिकली आणि भरपूर पिकली, हे फार क्वचित घडतं. १९६१ चं उलट होतं, फुलोऱ्याच्या वेळी थंडीने मार दिला, घड धरलेच नाहीत, जे थोडे धरले ते कोरड्या कडक उन्हाळ्यात बारीक, जाड सालीचे, अर्क झाल्यासारखे पिकले. म्हणजे तुमच्या बातमीतली बाटली टंचाईची आहे आणि या टेबलावरच्या दोन्ही सुबत्तेच्या. आणखी एक, १९६१ ची वाइन लाकडाच्या जुन्या मोठ्या पिंपांत आंबवलेली, इस्टेट तेव्हा सेगूर घराण्याच्या वंशजांकडे होती, १९६३ मधे त्यांनी मोठा हिस्सा इंग्लंडच्या पिअर्सन कुटुंबाच्या उद्योगाला विकला, आणि १९६४ मधे तिथे स्टीलच्या टाक्या आल्या, तापमान ताब्यात ठेवता येणाऱ्या. त्यावेळी पोयाकमधे पुष्कळ लोकांना ते आवडलं नव्हतं, वाइन काय दुधासारखी स्टीलमधे ठेवायची, आमचे यजमानही तेव्हा नाक मुरडणाऱ्यांतले, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. १९७० स्टीलमधली.

बाटल्या दोन दिवस आधी उभ्या करून ठेवल्या होत्या, गाळ खाली बसावा म्हणून. त्यांनी आधी मुलाची उघडली. जुनं बूच स्क्रूने ओढलं तर चुरा होतो म्हणून ते दोन पात्यांचा ओपनर वापरत, पाती बूचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवायची आणि फिरवत फिरवत अलगद वर आणायचं. बूच आलं, पण कडेने वरपर्यंत काळं झालेलं, वाइन पाझरल्याची खूण. मेणबत्तीच्या उजेडावर मान धरून त्यांनी ती हळू डिकँटरमधे, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतली, गाळ मानेपाशी आला तसे थांबले. रंग चहासारखा. वासात व्हिनेगर आणि खाली काहीतरी गोडसर, जळकं. आम्ही सगळ्यांनी घोट घेतला आणि कोणी काही बोललं नाही. मुलगा ग्लासकडे बघत राहिला. पैशाचं नव्हतं ते, त्याने बाबांना काय द्यायचं ठरवलं होतं आणि काय हातात आलं, ते होतं.

मग काळ्या लेबलची उघडली. बूच ओलं, लांब, खालचं अर्धं गडद, वरचं अर्धं अजून फिकं. ओतताना रंग लाल, खरा लाल, कडेला विटकरी झाक. पहिल्यांदा वास जवळजवळ काहीच नाही, जरा बंद खोलीसारखा, आणि मला वाटलं हीसुद्धा गेली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग ग्लासातून देवदार वर आला, मग काळा मनुका, मग पावसानंतरच्या मातीसारखं काहीतरी, आणि तोंडात तो टॅनिन, जो कोवळेपणी भिंत होता, तो आता इतका मऊ की जिभेवर तो आहे हे घोट गिळल्यानंतर कळायचं, आणि चव जाईच ना, राहतच होती. सोबत पोयाकचं कोकराचं मटण होतं, तिथलं प्रसिद्ध, मला त्याची चव आज आठवत नाही. दीड तासात ती वाइन तीन वेळा बदलली आणि मग हळूहळू थकली, शेवटच्या ग्लासात नुसती गोडसर सावली उरली. अशा वयाच्या वाइनला तासन् तास हवेत ठेवायचं नसतं ते याच्यासाठी, तिच्याकडे वेळ थोडा असतो.

एक साल, एक मळा, एकच टाकी असेल कदाचित. एक मुरली, एक मेली. बोर्डोच्या व्यापारात म्हणतात की जुनी ग्रेट वाइन असं काही नसतं, जुनी ग्रेट बाटली असते, ते त्या टेबलावर दोन ग्लासांत समोरासमोर होतं.

मग यजमानांनी मुलाच्या रिकाम्या बाटलीकडे बोट करून मला विचारलं, तू कामाच्या ठिकाणी असतीस तर ही उघडण्याआधी काय बघितलं असतंस? मी म्हटलं लेव्हल, म्हणजे बाटलीत वाइन कुठपर्यंत आहे ते. आणि खरंच, उघडायच्या आधी ती तशी उभी होती तेव्हाच लेव्हल खांद्याच्या खाली होती, सगळ्यांना दिसत होती, पण वाढदिवसाच्या घरात ते कोण बोलणार.

संपादक साहेब, लेव्हल ही गोष्ट तुमच्या वाचकांना माहीत व्हायला हवी. बोर्डोच्या बाटलीला सरळ उंच खांदे असतात. नवीन बाटलीत वाइन मानेत, बूचाच्या अगदी खालपर्यंत असते. वर्षं जातात तशी बूचातून थोडी थोडी उडते. वीस वर्षांच्या बाटलीत ती मानेच्या तळाशी आली तर ठीक, चाळीस-पन्नास वर्षांची खांद्याच्या वरच्या भागात असली तर वाईट मानत नाहीत, मधल्या खांद्यावर असली की धोका, आणि खांद्याखाली गेली की ती वाइन पिण्यासाठी कोणी घेऊ नये. कारण जितकी वाइन बाहेर गेली तितकी हवा आत आली, इतका साधा हिशेब आहे. चांगल्या लिलावांच्या यादीत प्रत्येक बाटलीपुढे हे लिहिलेलं असतं, लेबल कसंय त्याच्याही आधी लोक ते बघतात. आणि दुसरी गोष्ट, बाटली कोणाकोणाच्या हातातून आली. एकाच तळघरात बारा-तेरा डिग्रीला, अंधारात, दमट हवेत, आडवी राहिली का, की जहाजात, गोदामात, कोणाच्या काचेच्या कपाटात उभी फिरली. हे विचारलं नाही तर १९६१ हा लेबलवर छापलेला आकडा आहे, बाकी काही नाही.

आकड्यापायी काय होतं त्याचं एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. १९८५ च्या डिसेंबरमधे लंडनच्या लिलावात एक बाटली १,०५,००० पौंडांना गेली, बोर्डोच्याच लाफित मळ्याची १७८७ सालची म्हणून, काचेवर 'टीएच.जे.' अशी अक्षरं कोरलेली, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसन यांची म्हणून. जेफरसन १७८७ मधे बोर्डोला आले होते हे खरंच आहे, तिथल्या उत्तम वाइनच्या नोंदीत त्यांनी मार्गो, ओ-ब्रियाँ, लाफित आणि ला तूर यांची नावं लिहून ठेवलीयत. पण ती बाटली अमेरिकेत प्रदर्शनात उभी ठेवली, वरून दिवे, आणि उष्णतेने बूच सुकून आत पडलं. पुढे अशा बाटल्या खऱ्या की खोट्या यावरून मोठं भांडण झालं, कोर्टापर्यंत गेलं, ते वेगळंच. खरी असती तरी त्या दिव्याखाली ती संपलीच असती. आणि २०१३ मधे रूडी कुर्नियावान या वाइन विकणाऱ्याला अमेरिकेत कोर्टाने दोषी ठरवलं, घरी लेबलं छापून, बाटल्या भरून दुर्मीळ वाइन म्हणून विकल्याबद्दल, पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. किती वर्षं चाललं ते? कारण विकत घेणारे बरेचजण उघडतच नव्हते. जी बाटली कोणी उघडणारच नाही तिच्यात काय आहे याने काय फरक पडतो.

हे मला सगळ्यात जास्त लागतं. तुमच्या बातमीत 'गुंतवणूक' हा शब्द होता, 'चव' हा शब्द एकदाही नव्हता.

किंमतीला काही अर्थच नाही असं मी म्हणणार नाही. १८५५ मधे पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी नेपोलियन तिसरा याच्या सरकारला बोर्डोच्या वाइनची क्रमवारी हवी होती, ती तिथल्या दलालांनी लावली आणि मुख्यतः भावावरूनच लावली, वर्षानुवर्षं कोणत्या मळ्याला काय भाव मिळतो ते बघून. पहिल्या वर्गात चारच, लाफित, ला तूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ, आणि ती यादी आजही जवळपास तशीच आहे, पुढे १९७३ मधे मूताँ हा मळा पहिल्या वर्गात आला हा एकच मोठा बदल. म्हणजे भाव काहीतरी सांगतो. पण तो भाव पिणाऱ्यांनी प्यायल्यावर द्यायचा ठरवलेला होता, दरवर्षी, पुन्हा पुन्हा. बंद बाटली हातातून हातात फिरून जो भाव चढतो तो तसला नाही.

आणि याच ला तूरने काय केलं ते सांगते, हे बातमीत असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. बोर्डोमधे पद्धत अशी की द्राक्षं काढल्यानंतरच्या वसंतात, वाइन अजून पिंपात असताना, व्यापारी आणि लिहिणारे येऊन ती चाखतात आणि ती तेव्हाच विकली जाते, बाटली हातात यायला पुढे दोनेक वर्षं लागतात. याला आँ प्रिमर म्हणतात. इस्टेटला पैसा लवकर मिळतो, घेणाऱ्याला पुढे भाव चढेल अशी आशा असते. २०१२ मधे ला तूरने जाहीर केलं की आता आम्ही यातून बाहेर, २०११ चा हंगाम शेवटचा. यापुढे वाइन आमच्याच तळघरात राहील आणि प्यायला तयार होत आली असं आम्हाला वाटेल तेव्हा सोडू. १९९३ पासून इस्टेट फ्रान्स्वा पिनो यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे थांबण्याइतका पैसा आहे हे उघड आहे, आणि किंमत आपल्या हातात ठेवण्यासाठी केलं असं बोर्डोत कितीतरी जण म्हणतात, मीही त्या चर्चांत बसलेली आहे. असेलही. पण परिणाम काय झाला बघा, बाटली तळघर सोडून कुठेही न फिरता, जिथे बनली तिथेच मुरते आणि मगच बाजारात येते. आमच्या पोयाकच्या यजमानांच्या फळीवर जे झालं तेच, मोठ्या प्रमाणावर. मला तो निर्णय योग्य वाटतो आणि बाकीच्या पहिल्या वर्गातल्यांनीही तो घ्यावा असं मी तेव्हाही म्हणत होते.

मी स्वतः ला तूरची एकही बाटली विकत घेतलेली नाही, पगारात बसणारं नव्हतं ते. जी प्यायले ती कामामुळे आणि लोकांच्या औदार्यामुळे. म्हणून ज्यांच्याकडे अशी एखादी बाटली भेट म्हणून, वारसा म्हणून आलेली आहे त्यांच्याबद्दल मला फार वाटतं. रेस्टॉरंटमधे एकदा एक बाई मेदॉकची एक चांगली बाटली घेऊन आल्या, नवऱ्याने तीस वर्षांपूर्वी आणलेली, मोठा प्रसंग आला की उघडू म्हणून ठेवलेली. लग्नं झाली, नातवंडं झाली, प्रत्येक वेळी वाटलं याहून मोठा प्रसंग येईल. नवरा गेल्यावर त्यांनी ती काढली. स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या कपाटात होती, उभी. उघडायच्या आधीच मला कळलं होतं तरी मी सगळं नीट केलं, मेणबत्ती लावली, डिकँट केली, ग्लास पुसले. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, आधी उघडली असती तर? मी हो म्हटलं. खोटं बोलता आलं नाही.

तुमच्या मथळ्याने अशा किती घरांत आणखी पाच वर्षं थांबायचं ठरेल सांगा. म्हणून वाचकांसाठी एवढं छापलंत तरी पुरे. असली बाटली असेल तर आडवी ठेवा म्हणजे बूच ओलं राहतं, अंधारात ठेवा, घरातल्या सगळ्यात गार आणि कमीत कमी चढउतार असलेल्या जागी, शेगडी आणि खिडकीपासून लांब. टॉर्चच्या उजेडात लेव्हल बघा. साल कोणतं आणि इस्टेट कोणती ते वाइन जाणणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल आता उघडायची की थांबायचं, आणि तो आता म्हणाला तर या महिन्यात उघडा, प्रसंग शोधत बसू नका. एक-दोन दिवस आधी उभी करा, हलवू नका, प्यायच्या जरा आधीच उघडा, सोळा-अठरा डिग्रीच्या आसपास असू द्या, गाळ आला की ओतणं थांबवा. ग्लास हातात आल्यावर लगेच मत बनवू नका, दहा मिनिटं थांबा.

शेवटी त्या फोटोबद्दल. तुम्ही छापलेल्या फोटोत फक्त लेबल होतं, बुरुजाचं आणि सिंहाचं चित्र छान आलंय, पण बाटली खांद्याच्या वर कापलीय. मी भिंग लावून बघितलं, वाइन कुठपर्यंत आहे ते कळायला काही मार्गच नाही. ती १९६१ मुरलेली आहे की मेलेली ते सांगणारी सगळ्यात महत्त्वाची खूण त्या कापलेल्या दोन इंचांत होती. तुमच्याकडे मूळ फोटो असणारच. तो पूर्ण छापा, मान दिसू द्या.

आपली एक नियमित वाचक